मी, एक जप्त इसम

रात्री पावणेअकराला एजंटाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. 'सर, अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट पाठवलाय, चेक करून ओके द्या.' सोबत सात पानांची पीडीएफ. भाडेकराराचा ड्राफ्ट खरोखर वाचून ओके देणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आपल्या नावाचं स्पेलिंग बघायचं, भाड्याचा आकडा बघायचा, डिपॉझिटमधली शून्यं बोटानं मोजायची आणि पिवळा अंगठा पाठवून झोपायचं, ही रीत. पण त्या रात्री भरीत जरा जास्त झालं होतं. झोप येईना म्हणून मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या परिच्छेदात ठेच लागली.

'व्हेअरॅज द लायसेन्सॉर इज अ‍ॅब्सोल्यूटली सीझ्ड अँड पझेस्ड ऑफ...' आणि पुढे आमच्या कोथरूडच्या वन बीएचकेचा सर्व्हे नंबरासकट पत्ता.

सीझ्ड म्हणजे जप्त. एवढं इंग्रजी मला येतं. पेपरात रोज असतं, विमानतळावर सोनं सीझ, नाक्यावर गुटखा सीझ. पझेस्ड म्हणजे झपाटलेला, हे इंग्रजी भुताच्या सिनेमांनी शिकवलं. अ‍ॅब्सोल्यूटली म्हणजे पुरता. थोडक्यात, वीस वर्षं हप्ते फेडून सोडवलेला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पुरता जप्त होता, वर झपाटलेला होता, आणि हे मी स्वतःच सहीनिशी कबूल करून तो भाड्यानं देत होतो.

बायकोला उठवलं.

"अहो, झोपा," ती म्हणाली. "झपाटलेला असता तर आधीच्या भाडेकरूनं चार वर्षं काढली असती का?"

"तो फार गप्प गप्प असायचा."

"त्याला मराठी येत नव्हतं," असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

मी वाक्य पुन्हा वाचलं आणि या खेपेला शाळेतल्या सवयीनं कर्ता शोधला. कर्ता फ्लॅट नव्हताच! लायसेन्सॉर इज सीझ्ड. लायसेन्सॉर म्हणजे मी. जप्त झालो होतो तो मी, आणि झपाटलेलाही मीच. हे सकाळी चहाबरोबर बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यातलं दुसरं मी एकोणतीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं, विचारलं असतंत तर."

एजंटाला फोन लावला.

"सर, तो शब्द सगळ्यांच्यात असतो."

"पण त्याचा अर्थ काय?"

"अर्थ नसतो सर, फॉरमॅट असतो."

"मग तो काढून सरळ 'मालक आहे' असं टाक."

"टाकतो की. पण सर, साधं दिसतं. पार्टीला वाटतं, घरीच टाइप केलंय."

या उत्तरात व्यवसायाचं जे ज्ञान होतं ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त चिडलो.

करार न करता घर देण्याचीही सोय नव्हती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर भाडेकरू म्हणेल तीच अट खरी धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे सही केली तर जप्त आणि न केली तर आत.

दुपारी भाडेकरूचा फोन. मुलगा लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, बोलायला गोड. "काका, एक विचारायचं होतं. मम्मीनं ते अ‍ॅग्रीमेंट मोबाइलवर मराठीत करून बघितलं. त्यात आलंय की परवाना देणारा पूर्णपणे जप्त आहे. म्हणजे काका, तुमच्यावर काही केस वगैरे..."

"नाही रे बाबा."

"नाही, मम्मी म्हणते बँकेचं काही असलं तर आधीच सांगा. आणि ते दुसरं काय आहे, ताब्यात? कोणाच्या ताब्यात, असं विचारतीय."

आता हा प्रश्न फॉरमॅटवर सोडण्यासारखा राहिला नव्हता. मी मामांना बोलावलं.

मामा तालुका कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झाले. जप्ती हा त्यांच्या आयुष्याचा विषय. लोक नोकरीतल्या बढत्या सांगतात, मामा जप्त्या सांगतात. कुठल्या गावी काय उचललं, कुठं कुत्रं सोडलं, कुठं आधी जेवायला घातलं. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं आणि मान हलवली.

"साफ चूक. जप्तीला दिवाणीत अटॅचमेंट म्हणतात. सीझ पोलीस करतात. आणि माणूस जप्त होत नसतो. माणसाला अटक होते. कलम ६० वाच. नेसूची वस्त्रं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र यांनासुद्धा हात लावता येत नाही. तुला कोण लावणार?"

"मग हे काय असेल?"

"इंग्रजाची काहीतरी खोड."

इथं मामांचं म्हणणं शब्दशः बरोबर निघालं. संध्याकाळी जाडा शब्दकोश काढून बसलो, तेव्हा ही खोड साडेनऊशे वर्षांची असल्याचं कळलं.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. तो किनाऱ्यावर उतरताना तोंडघशी पडला, दोन्ही मुठींत माती आली, आणि अपशकुन म्हणून लोक चरकले तेव्हा तो म्हणाला की बघा, देश हातात आला, अशी आख्यायिका आहे. पडल्यावर इतकं चांगलं कारण सुचणारा माणूस राजा होणारच. त्याच्याबरोबर कोर्टकचेरीत फ्रेंच आली, आणि फ्रेंचबरोबर हा शब्द. त्या व्यवस्थेत सगळ्या जमिनीचा खरा धनी एकटा राजा. बाकीचे सगळे नुसते ती धरून असणारे. म्हणून 'जमीन कोणाच्या मालकीची' असा प्रश्न कोणी विचारतच नसे. 'धरून कोण बसलाय' एवढंच विचारत. या धरून बसण्याचं नाव सीझिन, आणि जो बसला तो सीझ्ड. एकाच क्रियापदाला ताबा देणं आणि ताबा घेणं असे दोन्ही अर्थ होते. पुढे बाजारात हिसकावण्याचा अर्थ उरला, वकिलांकडे हाती दिल्याचा. काटेकोर इंग्रज वकील आपला शब्द झेडऐवजी एसनं लिहून वेगळा ठेवतात. आमच्या एजंटानं झेड घातला आणि मी गुटख्याच्या पंगतीला जाऊन बसलो.

पझेस्डचं कोडं आणखी सोपं होतं. पझेस्ड ऑफ म्हणजे ज्याच्याकडे आहे तो. पझेस्ड बाय म्हणजे जो कुणाच्या तरी ताब्यात आहे तो, भुताच्या किंवा घरातल्या. एका शब्दयोगी अव्ययावर माणसाची शुद्ध अवलंबून आहे. आणि दोन दोन शब्द कशाला, तर कायद्याच्या इंग्रजीला जोडीनं बोलायची सवयच आहे. मृत्युपत्राला एक शब्द पुरत नाही, मालमत्तेला एक पुरत नाही. आपण 'मालमत्ता' हा शब्दच 'माल' आणि 'मत्ता' मिळून बोलतो, तेव्हा हसायची सोय नाही.

मला सर्वांत आवडली ती ही सीझिन हाती देण्याची पद्धत. कागद नव्हे. देणारा आणि घेणारा दोघांनी साक्षीदारांसह त्या जमिनीवर जायचं. देणाऱ्यानं तिथलीच एक काटकी नाहीतर गवतासकट मातीचं ढेकूळ उचलून घेणाऱ्याच्या हातावर ठेवायचं, की जमीन गेली. घर असेल तर दाराची कडी हाती द्यायची. ब्लॅकस्टोन नावाच्या इंग्रज न्यायपंडितानं १७६५ ते १७६९ या काळात इंग्लंडच्या कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात घराची रीत आहे. घेणाऱ्यानं एकट्यानं आत जायचं, दार लावून घ्यायचं, मग उघडून बाकीच्यांना आत घ्यायचं. झालं हस्तांतर. स्टँप नाही, बायोमेट्रिक नाही, 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' नाही. १८४५ च्या एका कायद्यानं या मातीची गरज संपवली. माझ्या मते घाई केली.

हे सगळं मी मामांना रात्री ऐकवलं. आपलं काम जगभर कोणी कसं केलं याची त्यांना मनापासून उत्सुकता.

"म्हणजे आमच्या उलट," ते म्हणाले. "आम्ही उचलून आणायचो, ते हातात द्यायचे."

"फ्रान्समध्ये तर मामा, म्हणच आहे कायद्याची. मेलेला जिवंताला सीझ करतो. म्हणजे बाप मेला की त्याच क्षणी इस्टेट वारसाला लागते."

"मेलेला जिवंताला धरतो? मग झपाटतोच की! उगाच आढेवेढे."

बायको आतून म्हणाली की रात्रीच्या वेळी हा विषय नको.

मामा थांबले नाहीत. "आपल्याकडं माती नाही, पाणी. जमीन दान द्यायची तर हातावर पाणी सोडायचं. उदक सोडलं की आपला हक्क संपला. त्या मुलाला नीट सांग, डिपॉझिटवर उदक सोडायला लागू नये म्हणून."

"तो मला सांगेल ते."

"आणि तू त्या इंग्रजाला हसतोस, आधी गावाकडचं खरेदीखत काढ." मामांनी डोळे मिटले आणि देवाची आरती म्हणावी तसं सुरू केलं, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, यावच्चंद्रदिवाकरौ..."

पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन आणि ठेवलेली ठेव यांसह, चंद्रसूर्य असेपर्यंत. विकलेलं काय, तर दोन गुंठे पडीक. त्यात तृण काय ते होतं, तेही पावसाळ्यात. तरीपण मला ते ऐकताना बरं वाटलं हे कबूल केलं पाहिजे. आमच्या फ्लॅटच्या कागदात असा निधी निक्षेप असता तर एखाद्या रविवारी मी बाथरूमची फरशी ठोकून पाहिलीसुद्धा असती. एजंट म्हणाला ते हेच. साधं लिहिलं की घरी टाइप केल्यासारखं वाटतं.

"सातबाऱ्यावर तरी तुझं नाव मालक म्हणून आहे का?" मामांनी विचारलं. "भोगवटादार म्हणून असतं. भोगवटादार, वर्ग एक. जमीन भोगणारा. का जमिनीपायी भोगणारा, ते ज्यानं त्यानं बघावं."

म्हणजे विल्यम आणि तलाठी यांचं या बाबतीत एकमत होतं. मालक म्हणून कुणालाच मानायचं नाही.

भाडेकरूच्या मम्मीला समजावण्याची कामगिरी दुसऱ्या दिवशी माझ्यावर आली. मी फोनवर म्हटलं की वहिनी, तो जुना शब्द आहे, त्याचा अर्थ उलटा. जप्त म्हणजे घर माझं पक्कं आहे.

"जप्त म्हणजे पक्कं?"

"हो. कोर्टसुद्धा एखाद्या प्रकरणात सीझ्ड असतं. म्हणजे प्रकरण त्याच्या हाती आहे." हुरूप येऊन मी पुढे गेलो. "संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषदही सीझ्ड असते. ठरावाच्या शेवटी लिहितात की परिषद या विषयानं सीझ्ड राहण्याचं ठरवत आहे. मग तो विषय तिच्या हातात असेपर्यंत आमसभेनं त्यात शिफारशी करायच्या नाहीत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग माउली म्हणाली, "भाऊ, वन बीएचकेच आहे ना?"

एका शब्दाचं निस्तरतो तोवर दुसरा उभा राहिला. मुलानं विचारलं, "काका, हे लिव्ह अँड लायसन्स म्हणजे काय? लिव्ह म्हणजे राहणं ना?" मलाही आजवर तसंच वाटत होतं. लिव्ह म्हणजे राहा, लायसन्स म्हणजे परवाना, राहण्याचा परवाना, चोख अर्थ. पण स्पेलिंग पाहिलं तर ते राहण्याचं नाही, रजेचं. मी आयुष्यभर ऑफिसात ज्याच्यासाठी अर्ज केले ते लीव्ह. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ परवानगी. साहेबाची परवानगी घेऊन घरी जायचं, म्हणून पुढे घरी बसण्यालाच तो शब्द चिकटला. आणि गंमत अशी की आपल्या 'रजे'चं अगदी तेच झालंय. अरबीतून आलेल्या रजेचाही मूळ अर्थ संमती, परवानगी. 'महाराजांची रजा घेऊन निघाला' म्हणजे तो कॅज्युअलवर गेला नव्हता. दोन भाषांतल्या कारकुनांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. तेव्हा आमचा करार होता रजा आणि परवाना यांचा, म्हणजे परवानगी आणि परवानगीचा. जोडी इथंही सुटली नव्हती.

यात मालकाच्या फायद्याची मेख आहे. परवाना दिला की घरात राहायची मोकळीक मिळते, घरावर हक्क मिळत नाही. १८८२ च्या ईझमेंट कायद्यात लायसन्सची व्याख्या तशीच आहे. म्हणजे अकरा महिने गाद्या त्याच्या, शेगडी त्याची, भिंतीवरचे खिळे त्याचे, पण सीझिन माझं. मी आता त्या शब्दावर खूश होतो. एजंटाला मेसेज केला, 'सीझ्ड राहू दे.' त्याचा पिवळा अंगठा आला.

रविवारी सकाळी सगळे फ्लॅटवर जमलो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन ओट्यावरच बसला. साक्षीदार म्हणून मामा आणि तळमजल्यावरचे काका. माझा अंगठा लागला, मुलाचा लागला, काकांचा तिसऱ्यांदा लागला. मामांचा काही केल्या लागेना. लाखेचं सील लावण्यात त्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात, असं त्यांचं म्हणणं.

"आजोबा, केसांवरून जरा फिरवा, तेल लागलं की घेतं," एजंट म्हणाला.

"केस दाखव, फिरवतो."

शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. एजंटानं पैसे मोजून घेतले आणि पुढच्या पार्टीकडे निघाला. आम्ही जिन्यात त्याला सोडायला आलो.

दाराची कडी जरा नाठाळ आहे. ओढून वर उचलावी लागते. मुलाला म्हटलं, "ही धर. आत जा, लावून बघ एकदा, मग काढ." तो आत गेला. दार लावलं. कडी लागल्याचा आवाज आला. मग उघडून हसत म्हणाला, "लागते काका. या ना आत."

आम्ही आत गेलो. गॅलरीत आधीच्या भाडेकरूनं सोडलेली कुंडी होती, तुळस वाळून कोळ झालेली. बायको म्हणाली, तेवढं काढून टाका, नवीन लावेल तो. मी काटकी धरून उपटली, तशी ती मुळांसकट मातीचं ढेकूळ घेऊनच आली. कचऱ्याची पिशवी मुलाच्या बाजूला होती. मी काटकी आणि ढेकूळ त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "घे."

आणि मला घाम फुटला.

जागा तीच. देणारा हजर. घेणारा हजर. दोन साक्षीदार हजर, त्यातला एक कोर्टाचा माणूस. कडी मी त्याच्या हाती दिली होती. तो एकटा आत गेला होता, दार लावलं होतं, उघडून आम्हाला आत घेतलं होतं. आता काटकी, आता माती, आणि वर मी स्वमुखानं 'घे' म्हणालो होतो. ब्लॅकस्टोनच्या हिशेबानं कोथरूडचा फ्लॅट मी पाच मिनिटांत दोनदा देऊन टाकला होता.

"परत दे!"

"काका, टाकतो की मी."

"टाकू नकोस! माझ्या हातात दे. सगळं. ते मूळसुद्धा."

मुलगा घाबरून एक पाऊल मागे सरला. मामांच्या मात्र लगेच ध्यानात आलं. नोकरी सोडून अठरा वर्षं झाली तरी सवय जाते थोडीच. ते पुढे झाले, त्याच्या हातातून ऐवज काढून घेतला आणि काकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "ढेकूळ एक, वाळकी काटकी एक. पंचांसमक्ष जप्त."

काकांनी न समजता मान डोलावली. मुलानं मातीचे हात पुढे धरून बेसिनचा नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला.

"काका, पाणी?"

"संध्याकाळी सहाला येतं," बायकोनं सांगितलं.

म्हणजे सहापर्यंत उदकाचीही भीती नव्हती.